पेढी ते प्रायव्हेट लिमिटेड : लहान व्यापाराच्या जबाबदारीचा इतिहास

सतराव्या शतकात सुरत बंदरात विरजी वोरा या जैन व्यापाऱ्याची पेढी वैभवाच्या शिखरावर होती. मिरी, लवंग, पोवळी, कापड अशा अनेक जिनसांच्या घाऊक व्यापारावर तिचा प्रभाव होता. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतील वखारीला मालखरेदीसाठी पैसा कमी पडला, की वखारीचे अधिकारी विरजीकडे कर्ज मागावयास येत. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ मधील सुरतेवरील स्वारीत या पेढीची मोठी हानी झाली. १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली आणि त्याच सुमारास विरजीचे नाव कागदपत्रांतून दिसेनासे होते. १६०० साली सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी मात्र १८७४ मध्ये विसर्जित होईपर्यंत टिकून राहिली. कर्ज देणारी पेढी काळाच्या ओघात गेली आणि कर्ज घेणारी कंपनी त्यानंतर दोनशे वर्षे राहिली.

या फरकाचे कारण केवळ कायदेशीर रचनेत शोधणे योग्य होणार नाही. कंपनीपाशी सनद होती, जहाजे होती आणि पुढे राज्यसत्ताही आली. तरीही एक भेद मूलभूत होता. पेढी एका कर्तबगार पुरुषाच्या आयुष्याशी आणि त्याच्या घराशी बांधलेली होती. कंपनीचे अधिकारी बदलत, मृत्यू पावत, मायदेशी परतत, परंतु कंपनीचे नाव, मालमत्ता आणि देणी कायम राहत. व्यापार आणि व्यापाऱ्याचे घर यांना एकमेकांपासून वेगळे करावे काय, हा प्रश्न त्या काळापासून आजपर्यंत प्रत्येक लहान व्यापाऱ्यापुढे या ना त्या रूपाने उभा राहत आला आहे.

पेढीची रीत

पेढी म्हणजे बहुधा एकत्र कुटुंबाचा व्यवसाय. कुटुंबाचा कर्ता हाच व्यवसायाचा चालक. रोजमेळ, खातेवही आणि हुंडी यांवर कारभार चाले. दिवाळीला वहीपूजन होऊन नवे वर्ष सुरू होई. सरकारदरबारी कसलीही नोंदणी करावी लागत नसे. निर्णय गादीवर बसल्याबसल्या होत आणि नफ्यातोट्याचा आकडा घराबाहेर जात नसे. नातेवाईक, विधवा भगिनी, शेजारीपाजारी विश्वासाने पेढीवर ठेवी ठेवीत. या सर्व व्यवहाराचा आधार एकच होता, तो म्हणजे शेठजींची पत.

परंतु या पतीमागे तारण म्हणून संपूर्ण घर उभे असे. कर्त्याने व्यवसायासाठी काढलेल्या कर्जाला तो स्वतः सर्वस्वाने बांधलेला असे. कुटुंबातील इतर सहभागीदारांचा एकत्र मालमत्तेतील हिस्साही त्यात गुंतलेला असे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्यात तर वारशाने काहीही हाती न येता वडिलांचे देणे मात्र मुलाच्या माथी येऊ शकत असे. १८६६ च्या मुंबईच्या कायद्याने ही जबाबदारी वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. पित्याच्या नव्या कर्जाबाबत केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे पुत्रावर दावा करण्याची मुभा तर थेट २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने संपुष्टात आली. हा कायदा जैन समाजासही लागू आहे.

भागीदारीची स्थिती फारशी वेगळी नव्हती. भारतीय भागीदारी कायदा १९३२ साली झाला. त्यानुसार फर्मच्या देण्याबद्दल प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. एका भागीदाराने केलेल्या व्यवहाराची वसुली दुसऱ्याच्या घरावरून होऊ शकते. करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्मच विसर्जित होते. पिढी बदलली की पेढी फुटते, हा व्यापारी पेठांतील नेहमीचा अनुभव केवळ भाऊबंदकीमुळे आलेला नाही; त्याला या कायदेशीर रचनेचाही हातभार लागला आहे.

घराण्याच्या नावावर नसलेली पेढी मात्र पिढ्यान्पिढ्या टिकू शकते, याचे उदाहरण जैन समाजाच्या समोरच आहे. अहमदाबादची शेठ आणंदजी कल्याणजी पेढी ही संघाच्या वतीने तीर्थांचा कारभार पाहणारी संस्था. १८८० मध्ये तिची नियमावली ठरविण्यात आली. विश्वस्त बदलत गेले, संस्था चालत राहिली. धर्मकार्यात जे सातत्य समाजाने नियमांच्या आधारे साधले, तेच व्यापारात साधण्याचे साधन म्हणजे कंपनी.

मर्यादित जबाबदारीचा उदय

इंग्लंडमध्येही कंपनीची मुभा सर्वांना सहजासहजी मिळाली नव्हती. १७२० च्या ‘बबल ॲक्ट’ने सनदेवाचून भागभांडवली कंपनी काढण्यास मनाई केली, तो कायदा १८२५ पर्यंत अमलात होता. १८४४ मध्ये नोंदणीद्वारे कंपनी स्थापण्याची सोय झाली आणि १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारीचे तत्त्व मान्य झाले. भागधारकाने आपल्या भागांची पूर्ण रक्कम भरली असेल, तर कंपनी बुडाली तरी त्याच्याकडे अधिक पैशांची मागणी करता येणार नाही, हा या तत्त्वाचा साधा अर्थ.

भारतात १८५० च्या कायद्याने कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. परंतु त्यात मर्यादित जबाबदारी नव्हती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत ताडदेव येथे उभारलेली कापडगिरणी भागभांडवली पद्धतीची होती. तिचे भागधारक पुढे आले, तेव्हा मर्यादित जबाबदारीचा कायदा व्हावयाचा होता. तो कायदा १८५७ मध्ये झाला. त्यातून बँका व विमा व्यवसाय वगळण्यात आले होते. १८६० मध्ये बँकांनाही ही सवलत मिळाली.

पाचच वर्षांत या नव्या साधनाची कठोर परीक्षा झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या आणि वित्तसंस्था यांचे पेव फुटले. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे सुरतेच्या जैन घराण्यातील असामान्य बुद्धीचे दलाल होते. बॅक बे रिक्लमेशन कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ या वायदेपूर्तीच्या दिवशी बाजार कोसळला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली. प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. मात्र वैभवाच्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे ग्रंथालय आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला.

मर्यादित जबाबदारीचा कायदा असूनही त्या वेळी इतकी घरे का उद्ध्वस्त झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. कायद्याचे संरक्षण पूर्ण भरणा केलेल्या भागांना होते. ज्यांनी शेअरची थोडीच रक्कम भरली होती, त्यांच्याकडे उरलेल्या रकमेची मागणी होऊ शकत होती. शिवाय वायद्याचे सौदे आणि वैयक्तिक नावावर काढलेली कर्जे यांना कंपनीची भिंत आड येत नव्हती. कंपनीच्या देण्यापासून कायदा वाचवितो, स्वतःच्या सहीपासून वाचवीत नाही, हे मुंबईच्या बाजाराने त्या वेळी मोठी किंमत देऊन अनुभवले.

लंडनचा एक निकाल

आरंभी कंपनी ही मोठ्या उद्योगांची बाब समजली जाई. लहान दुकानदारालाही ती खुली आहे काय, याचा निर्णय लंडनमधील एका बूट तयार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात लागला. ॲरन सॉलोमन यांचा लंडनमध्ये बुटांचा तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला धंदा होता. मुलांना धंद्यात हिस्सा हवा होता. १८९२ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि आपला धंदा तिला सुमारे ३९ हजार पौंडांना विकला. कायद्याला सात सभासद हवे होते. सॉलोमन यांच्याकडे २०,००१ भाग आणि पत्नी, मुलगी व चार मुलगे यांच्याकडे प्रत्येकी एक भाग अशी विभागणी झाली. किमतीपैकी दहा हजार पौंडांचे तारणी कर्जरोखेही सॉलोमन यांनी घेतले. म्हणजे ते कंपनीचे मालक होते आणि तिचे तारणी सावकारही झाले.

लवकरच धंदा मंदावला आणि कंपनी बुडाली. तारणी कर्जाची रक्कम वजा जाता उधारीवर माल देणाऱ्यांसाठी काहीच उरले नाही. ही कंपनी नावापुरती असून देणे सॉलोमन यांनीच दिले पाहिजे, असे खालच्या दोन्ही न्यायालयांनी ठरविले. हाउस ऑफ लॉर्ड्सने १६ नोव्हेंबर १८९६ रोजी हे निकाल एकमताने फिरविले. रीतसर नोंदलेली कंपनी तिच्या सभासदांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे. सर्व भाग एकाच कुटुंबात असले तरी त्याने फरक पडत नाही, असा तो निर्णय होता. आज गावोगावच्या औद्योगिक वसाहतींत दोन भाऊ किंवा पती-पत्नी यांच्या नावे ज्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत, त्यांचा कायदेशीर पाया या निकालात आहे.

या निकालाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. सॉलोमन स्वतः धूर्त ठक नव्हते. कंपनीला वाचविण्यासाठी त्यांनी आपले कर्जरोखे गहाण ठेवून पैसा आणला होता आणि अंतिम अपील त्यांना निर्धन पक्षकार म्हणून चालवावे लागले. तथापि चामडे आणि इतर माल उधारीवर देणाऱ्यांचे पैसे बुडाले, हेही तितकेच खरे. मर्यादित जबाबदारीमुळे तोटा नाहीसा होत नाही. तो मालकाच्या घराऐवजी देणेकऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या घरी जातो. ‘लिमिटेड’ हा शब्द कंपनीच्या नावाला जोडणे कायद्याने सक्तीचे केले, ते समोरच्या माणसाला हा इशारा मिळावा म्हणूनच.

भारतीय व्यापाऱ्यांनी काढलेला मार्ग

भारतात १९१३ च्या कंपनी कायद्याने प्रायव्हेट कंपनीला स्वतंत्र स्थान दिले. दोन सभासदांवर ती स्थापन होऊ लागली. सभासद पन्नासपर्यंतच, भागांच्या हस्तांतरणावर बंधन आणि जनतेकडून भांडवल मागण्यास मनाई, ही तिची लक्षणे. कुटुंबाची गोपनीयता आणि कंपनीचे सातत्य यांचा मेळ घालणारी ही रचना होती.

सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या चरित्रात हे संक्रमण स्पष्ट दिसते. वडिलोपार्जित व्यापार सोडून त्यांनी रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली, ती लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारीत. दोन माणसांचा परस्परांवर विश्वास आणि कामावर स्वतःची देखरेख, एवढ्यावर ते काम होऊ शकत होते. परंतु १९१९ मध्ये समुद्रावर भारतीय जहाजे चालविण्याचा संकल्प झाला, तेव्हा एका-दोन घराण्यांचा पैसा पुरणारा नव्हता. नरोत्तम मोरारजी आदींसमवेत त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानात आला आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. जोखीम आणि भांडवल घराच्या आवाक्याबाहेर गेले, त्या टप्प्यावर हे बदल झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अनेक घराण्यांनी मधला मार्गही काढला. कंपनी भागधारकांची, पण तिची व्यवस्था पाहणारी ‘मॅनेजिंग एजन्सी’ घराण्याची. म्हणजे खाली कंपनी आणि वर जुनी पेढी. यामुळे उद्योगांना भांडवल व अनुभव मिळाला. परंतु कंपनीला तोटा असतानाही एजंटांची दलाली चालू राहण्याचे प्रकारही घडले. १९३६ मध्ये या पद्धतीवर बंधने आली आणि ३ एप्रिल १९७० पासून ती रद्द झाली.

मर्यादेची किंमत

कायद्याने जी सवलत दिली, तिच्या मोबदल्यात शिस्त मागितली. १९५६ चा कंपनी कायदा आणि त्यानंतरचा २०१३ चा कायदा यांनी ही शिस्त क्रमाक्रमाने कडक केली. उलाढाल कितीही लहान असो, कंपनीच्या हिशेबांची लेखापरीक्षा अनिवार्य असते. संचालक मंडळाच्या सभा, इतिवृत्ते, कंपनी निबंधकाकडे वार्षिक विवरणे हे सर्व वेळेवर करावे लागते. जुलै २०१८ पासून वार्षिक विवरणास विलंब झाल्यास प्रत्येक विवरणामागे दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क आकारले जाऊ लागले. विवरणे न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे २०१७ च्या मोहिमेत नोंदवहीतून काढण्यात आली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. उत्साहाने कंपनी काढून ती विसरून जाणाऱ्यांना याची मोठी झळ लागली.

पेढीच्या दोन जुन्या सवयी कंपनीत चालत नाहीत. पहिली, घरखर्चासाठी गल्ल्यातून लागेल तशी उचल. कंपनीचा पैसा हा मालकाचा पैसा नसतो. वेतन, लाभांश किंवा नियमात बसणारे कर्ज याच मार्गांनी तो घेता येतो. दुसरी, ओळखीपाळखीच्या मंडळींच्या ठेवी. प्रायव्हेट कंपनीला जनतेकडून ठेवी घेता येत नाहीत. संचालक, त्यांचे नातेवाईक आणि सभासद यांच्याकडून रक्कम घेण्यासही अटी आहेत. करआकारणीतही दोन्ही बाजू आहेत. २०१९ मध्ये कंपन्यांना, इतर सवलती सोडल्यास, २२ टक्के मूळ दराचा पर्याय मिळाला; भागीदारी फर्मला तो मिळाला नाही. परंतु कर भरून उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला, की एप्रिल २०२० पासून त्यावर भागधारकाला पुन्हा कर द्यावा लागतो. फर्मने कर भरल्यावर भागीदाराच्या नफ्याच्या वाट्यावर असा दुसरा कर लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब वैयक्तिक हमीची. लहान कंपनीला कर्ज देताना बँका बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी घेतात आणि पुष्कळदा राहते घरही तारण मागतात. त्या एका सहीने मर्यादित जबाबदारीची भिंत बँकेपुरती नाहीशी होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील कंपनीच्या जामीनदारांविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी त्या वैध ठरविल्या. कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली तरी जामीनदार आपोआप मुक्त होत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. कंपनी काढल्याने घर सुरक्षित झाले, ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. माल पुरविणाऱ्याच्या दाव्यापासून ते सुरक्षित असू शकते. हमी घेतलेल्या बँकेपासून नाही.

कुटुंबातील मतभेदांचाही विचार करावा लागतो. भागीदारी मोडता येते. प्रायव्हेट कंपनीतील अल्पमतातील भाऊ किंवा विवाहित बहीण मात्र अडकून पडू शकते. भाग बाहेर विकता येत नाहीत आणि लाभांश जाहीर करणे बहुमताच्या हाती असते. इंग्लंडमधील येनिजे टोबॅको कंपनीचे दोन समान भागधारक एकमेकांशी बोलेनासे झाले आणि चिटणिसामार्फत निरोप पाठवू लागले. कंपनी चांगल्या नफ्यात होती. तरीही १९१६ मध्ये न्यायालयाने ती विसर्जित करण्याचा आदेश दिला. सलोखा असतानाच नियमावलीत बाहेर पडण्याचा मार्ग आणि भागांचे मूल्य ठरविण्याची रीत लिहून ठेवावी, हा त्या खटल्याचा व्यावहारिक बोध आहे.

नवे पर्याय आणि जुना विवेक

अलीकडच्या काळात कायद्याने मधले पर्याय दिले आहेत. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी, म्हणजे एलएलपी, अस्तित्वात आली. तीत भागीदाराच्या मृत्यूने संस्था संपत नाही, एकाच्या चुकीने दुसऱ्याचे घर जात नाही आणि उलाढाल ४० लाख व भांडवल २५ लाख रुपयांच्या आत असल्यास लेखापरीक्षेची सक्ती नसते. २०१३ च्या कायद्याने एकट्या व्यक्तीची कंपनी मान्य केली. तिच्या सभासदानंतर कोण, हे नाव स्थापनेच्या वेळीच नोंदवावे लागते. सॉलोमन यांना सहा भाग घरच्यांना वाटून जे साधावे लागले, ते आता एकट्याला साधता येते. प्रायव्हेट कंपनीसाठी २००० पासून असलेली किमान एक लाख रुपये भांडवलाची अटही २०१५ मध्ये रद्द झाली.

या प्रदीर्घ इतिहासाचा निष्कर्ष कोणत्याही एका रचनेच्या बाजूने निघत नाही. धंदा एका माणसाच्या हातचा असेल, उधारी थोडी असेल आणि बाहेरचे भांडवल नको असेल, तर कंपनीचा खर्च व व्याप त्याला भारी पडतो. उधारी मोठी, जोखीम अनिश्चित, भागीदार घराबाहेरचे आणि पुढची पिढी धंद्यात येणारी असेल, तर स्वतंत्र कायदेशीर व्यक्तीचा आधार मोलाचा ठरतो. निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने काही प्रश्न स्वतःला विचारावेत. धंदा बुडाला तर पैसे कोणाचे बुडतील? कर्त्यानंतर सही कोणाची? कोणत्या कागदावर घराच्या हमीची सही झाली आहे? आणि ती सही झाल्याचे घरातील स्त्रियांना व मुलांना ठाऊक आहे काय?

पेढीच्या काळी या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या शब्दात होती. आज ती भागीदारीपत्रात, कंपनीच्या नियमावलीत आणि बँकेच्या हमीपत्रात असतात. उधारीवर माल देणारा व्यापारी मात्र अजूनही नावामागचा माणूस पाहूनच माल देतो. कायद्याने देण्याला मर्यादा घातल्यानंतरही समर्थ असताना देणे फेडणाऱ्या घराण्याची पत बाजारात वेगळीच मानली जाते. आणि पुढच्या पिढीच्या हाती कंपनीच्या भागांबरोबर हीच ठेव सर्वांत उपयोगी पडते.